रजेचं कारण

बीप वाजला तशी मृदुलानं घसा खाकरला. शाळेच्या मशीनवरची बाई नेहमीच्या सुरात विचारून मोकळी झाली होती: विद्यार्थ्याचं नाव, वर्ग, गैरहजेरीचं कारण आणि शाळेत परत कधी येणार. मृदुलानं पाढे म्हणावेत तसं एका दमात सांगून टाकलं. अबोली परचुरे. इयर थर्टीन. तिला ताप आलाय. मंगळवारी येईल. मग "थँक यू" म्हणून फोन ठेवला आणि डब्यात पोळ्या भरायला घेतल्या.

ताप कसला नि काय! अबोली त्या वेळी न्यूझीलंडच्या पार दक्षिणेला, डनेडिनच्या एका मोटेलात बापासमोर बसून टोस्ट खात होती. तिथल्या युनिव्हर्सिटीचा आज ओपन डे होता. देशभरातली इयर थर्टीनची, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षाची पोरं त्या दिवशी येतात, वर्ग बघतात, वसतिगृहं बघतात, फुकटचे सॉसेज खातात आणि घरी जातात. बापलेक रविवारच्या विमानानं गेली होती आणि आज रात्री परतायची होती. असल्या कामासाठी शाळा आनंदानं रजा देते, हे अबोलीनं आईला दहादा बजावलं होतं. निघतानाही बॅग गाडीत टाकता टाकता ती म्हणाली होती, "आई, फक्त खरं काय ते सांग हं. दे आर फाइन विथ इट."

मृदुलाला ते काही पटलं नव्हतं. ती वाढली त्या पुण्यात रजा मागायची म्हणजे आधी आजारी पडायला लागायचं. शाळेत ताप, कॉलेजात पोटदुखी, आणि पुढे नोकरीत तर सरळ माणसं मारायची. तिच्या ऑफिसातल्या शकूनं सांगलीच्या एकाच मावशीला तीनदा स्वर्गवासी केलं होतं, आणि तिन्ही वेळा साहेबांनी हळहळून सही केली होती. 'मुलगी कॉलेज बघायला चाललीय' हे काय कारण झालं? उद्या म्हणाल, सिनेमाला चाललीय. शाळेनं नन्नाचा पाढा लावला तर काय घ्या? त्यापेक्षा ताप बरा, तापाला कोणी नाही म्हणत नाही.

हे झालं वरवरचं. आतलं असं, की 'माझी मुलगी डनेडिनला गेलीय' हे वाक्य तिच्या तोंडातून बाहेरच पडत नव्हतं. रात्री भांडी पुसताना तिनं ते दोनदा पुटपुटून बघितलं होतं, आणि दोन्ही वेळा ते अर्ध्यात सोडून पुढचं ताट उचललं होतं.

अबोलीला सर्व्हेयर व्हायचं होतं. म्हणजे मोजणी. ही बातमी पुण्याला कळवली तेव्हा मृदुलाची थोरली बहीण विमल फोनवर म्हणाली, "अगं, आमच्या सासरी मोजणीवाले आले की भावाभावांत डोकी फुटतात. पोरीला दुसरं काही सुचलं नाही का?" सुचलं नव्हतं खरं. ऑकलंडच्या कडेला पापाकुरात घर घेतलं त्या वर्षी मागच्या माळावर नवे प्लॉट पडत होते. तिपाईवर यंत्र ठेवून एक गोरी बाई दिवसभर त्यात डोळा घालून उभी असायची. अबोली तेव्हा जेमतेम बारा-तेरा वर्षांची. शाळेतून आली की दप्तर टाकून कुंपणाशी जाऊन थांबायची. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या बाईनं तिला बोलावून यंत्रातून बघू दिलं. त्या दिवसापासून पोरीनं दुसऱ्या कशाचं नाव काढलं नाही. आणि नशीब असं, की अख्ख्या न्यूझीलंडमध्ये हा विषय शिकवतात तो एका डनेडिनला.

ऑकलंडला इंजिनीअरिंग होतं की! घरातून ट्रेननं जाता-येता येईल असं. रोज संध्याकाळी दाराशी चपला वाजतील, फ्रिज उघडल्याचा आवाज येईल, "आई, खायला काय आहे?" ऐकू येईल. अबोली गेली तर घरात उरणार मृदुला आणि शशिकांत. शशिकांत माणूस सोन्यासारखा, पण माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरशी बोलून यायचा आणि घरी येईपर्यंत त्याचे शब्द संपलेले असायचे. अबोलीच्या जाण्याबद्दल तो आतापर्यंत एवढंच म्हणाला होता, "बघून तर येऊ." मृदुलाला ठाऊक होतं, बघून येतो म्हणणारी माणसं कशी असतात. तीही आईला "दोनच वर्षं गं, मग परत येते" असं सांगून पुण्याहून निघाली होती. त्याला आता आठ वर्षं होऊन गेली. आई दर फोनला तिकिटाचं विचारायची, आणि अलीकडे तिनं तेही विचारणं सोडलं होतं.

मृदुला ईस्ट टामाकीच्या एका रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये होती. डबे उघडून रंगाचा दाटपणा तपासायचा, पट्टीवर फासून नमुन्याशी जुळतो का बघायचं, हे तिचं काम. त्या दिवशी तिनं एकच पट्टी तीनदा तपासली. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये डबा उघडत होती तोच अबोलीचा फोन आला.

आवाज बारीक होता. गारठा फार आहे म्हणाली, बोटं बधिर झालीत. होस्टेल बघितलं, खोल्या ओलसर वाटतात. सगळी पोरं मैत्रिणींबरोबर घोळक्यानं आलीत आणि मी एकटी बाबाला घेऊन फिरतेय. बाबा तर काहीच बोलत नाहीये. मग म्हणाली, "इट्स हीप्स फार, आई. खूपच लांब आहे. आय डोन्ट नो. ऑकलंडचं इंजिनीअरिंगसुद्धा ओके आहे ना?"

मृदुलानं "बघ बाई, नीट बघ, घाई करू नकोस," असं म्हटलं. आई म्हणून जे म्हणायला हवं तेच म्हटलं. पण फोन ठेवल्यावर सकाळपासून मेलेली भूक अशी काही उसळली, की तिनं डबा चाटून पुसून खाल्ला आणि वर मशीनमधून घेऊन एक मफिनही खाल्लं. शेवटचा घास गिळताना मात्र तिची तिलाच लाज वाटली. लेक तिकडे कुडकुडतेय आणि आपण इकडे मफिन चेपतोय!

घरी येऊन चहाचं आधण ठेवलं आणि दारावरची बेल वाजली. काचेतून एक दांडगी आकृती दिसत होती. दार उघडलं तर मिसेस पराता, अबोलीच्या वर्षाच्या डीन. इथं डीन म्हणजे त्या वर्षाच्या सगळ्या पोरांची सुखदुःखं बघणारी शिक्षिका. पिकलेले कुरळे केस, गळ्यात हिरव्या दगडाचं पदक, आणि हातात फिजोआच्या फळांनी गच्च भरलेली सुपरमार्केटची पिशवी. मे महिन्यात या गावात ज्याच्या अंगणात फिजोआचं झाड आहे तो माणूस पिशव्या घेऊन गिऱ्हाईक शोधत फिरत असतो.

"कीआ ओरा, मृदुला," त्यांनी माओरीत नमस्कार केला. "घरी जाता जाता आले. आमची पेशंट कशी आहे?"

मृदुलाची सवय कुठे जाते? तोंड आपणहून उघडलं आणि म्हणालं, "झोपलीय."

"अरे अरे," मिसेस पराता एकदम दबक्या आवाजात म्हणाल्या. कोणी न सांगता त्यांनी दाराशी बूट काढले, ते भिंतीला लावून नीट ठेवले आणि मोजे घातलेल्या पायांनी, पावलांचा आवाज होऊ न देता आत आल्या. अबोलीच्या खोलीचं दार बंद होतं. त्याच्याकडे त्यांनी मायेनं बघितलं. आता मृदुलालाही हळू बोलणं भाग होतं. "चहा घेणार?" तिनं कुजबुजत विचारलं. "घेईन की," मिसेस पराता कुजबुजल्या. रिकाम्या घरात दोन बायका, कुठलं पोर जागं होऊ नये म्हणून कपबशीचासुद्धा आवाज होऊ देत नव्हत्या. मृदुलाला वाटलं, धरणी दुभंगावी आणि ओट्यासकट आपल्याला पोटात घ्यावं.

चहा पुढे आला. मिसेस परातांनी त्यातलं आलं चाखून मान डोलावली आणि मग येण्याचं कारण काढलं. बोलणं सगळं इंग्रजीतच चाललं होतं. सकाळी मशीनवरचे निरोप त्यांच्याकडे आले, त्यात अबोलीचं नाव ऐकून जीव हळहळला म्हणाल्या. पोरगी दोन महिने डनेडिनशिवाय दुसरं बोलत नव्हती, आणि नेमकी आज आजारी पडली. पण खरं सांगायचं तर मला फारसं नवलही वाटलं नाही. इतकी वर्षं मी हेच बघतेय.

"काय बघताय?" मृदुलानं विचारलं.

बॅग भरलेली असते, तिकीट काढलेलं असतं, मिसेस पराता सांगू लागल्या, आणि ऐन सकाळी पोरांना ताप येतो. पोट दुखतं, उलट्या होतात. ती सोंगं नसतात, बरं का. जायचं नाही हे तोंडानं सांगता येत नाही, म्हणून अंग सांगतं. मागच्या वर्षी असंच एकाला मी ढकलून पाठवलं, तो दीड महिन्यात रडत परत आला. तेव्हापासून मी शहाणी झालेय. होस्टेलचा अर्ज गेला की ते शाळेला विचारतात, हे मूल घर सोडून राहायला तयार आहे का. त्याचं उत्तर मलाच द्यायचं असतं.

त्यांनी कप खाली ठेवला आणि टेबलावरून मृदुलाच्या मनगटावर हात ठेवला.

"तू तिची आई आहेस. तुला माझ्याहून जास्त कळतं. ती तयार नसेल तर नुसतं सांग. मी तिच्याशी बोलेन, की या वर्षी घरीच राहा, ऑकलंडला काहीतरी घे. माझं ऐकते ती. यात कमीपणा काही नाही."

म्हणजे झालं की! आठवडेच्या आठवडे मृदुला ज्यासाठी देवापुढे पुटपुटत होती, ते समोरची बाई फिजोआच्या पिशवीसोबत घरपोच घेऊन आली होती. भांडायला नको, रडायला नको, वाईट व्हायलाही नको. मान तेवढी हलवायची. आणि ते खोटंही झालं नसतं, कारण पोरीनं स्वतःच दुपारी सांगितलं होतं, फार लांब आहे, मला माहीत नाही. ऑकलंडचं चालेल. हे एवढं शब्दशः सांगितलं तरी काम फत्ते होतं.

मृदुलानं तोंड उघडलं. समोर बंद दार होतं. दाराच्या मुठीला अबोलीचे पोहायचे कपडे अडकवलेले होते, टॉग्ज म्हणायची ती त्याला, उन्हाळा संपून इतके दिवस झाले तरी काढले नव्हते. आईनं ओरडायचं आणि तिनं "उद्या" म्हणायचं, असं चाललं होतं. ही पोरगी कधी आजारी पडत नसे. इथं आली तेव्हा इंग्रजी धड येत नव्हतं, वर्गातल्या पोरी हसायच्या, तरी एक दिवस पोट दुखतंय म्हणाली नाही. उलट शाळेत सोडून परत येताना गाडीत बसून रडायची ती मृदुला. आता त्याच पोरीच्या नावापुढे लिहिलं जाणार होतं, की ही घाबरली, हिला ताप आला, ही तयार नाही. आणि ते लिहिणाऱ्या बाईला तसं वाटलं होतं ते मृदुलाच्या सकाळच्या एका वाक्यामुळे.

मिसेस पराता थांबल्या होत्या. त्यांना घाई नव्हती.

"ती तयार आहे," मृदुला म्हणाली. तिचा आवाज कुजबुजीतून बाहेर आला होता आणि तिला तो फार मोठा वाटला. "मी नाहीये."

मिसेस परातांनी तोंडावर बोट नेलं आणि खोलीच्या दाराकडे बघितलं.

"ती नाहीये आत. तिला ताप नाहीये. ती डनेडिनला गेलीय, वडिलांबरोबर. मी सकाळी खोटं बोलले."

क्षणभर मिसेस परातांना काही उमगलं नाही. त्यांनी दाराकडे बघितलं, चहाकडे बघितलं, आपल्या मोजे घातलेल्या पायांकडे बघितलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. बाई हसल्या त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"मग आपण इतका वेळ कुजबुजतोय कशाला?"

मृदुलालाही हसू आलं, आणि हसता हसताच रडू आलं. तिनं ओढणीच्या टोकानं डोळे पुसले आणि सगळं सांगून टाकलं. रजा मागायची म्हणजे आजारी पडायचं हे, शकूची मावशी, दुपारचा फोन, आणि त्या फोननंतर आपल्याला किती बरं वाटलं तेही. ते सांगताना तिची मान खाली होती. मिसेस परातांनी एक फिजोआ घेतला, सुरीनं आडवा कापला, चमच्यानं गर काढून खाल्ला आणि दुसरा अर्धा तिच्यापुढे सरकवला.

"दुपारी सगळीच तसं म्हणतात," त्या शेवटी म्हणाल्या. "बोटं गोठलेली असतात ना. माझी मोठी लेक लंडनला असते. तिच्या वेळी मी विमानतळावर गेलेच नाही. कपडे वाळत घालायचेत म्हणाले."

निघताना बूट घालता घालता त्यांनी शाळेचंही बोलून घेतलं. हजेरीत आजारी म्हणून लागलंय. ते मी आपल्या मनानं खोडू शकत नाही, पालकांकडूनच निरोप यावा लागतो. होस्टेलला लिहिताना तिची हजेरी खरी असली तर मला बरं. रागवून नव्हे, कपडे आत घे, पाऊस येतोय, असं शेजारणीनं सांगावं तसं सांगितलं. मृदुलानं मान हलवली. पिशवीतले निम्मे फिजोआ परत न्या, आम्ही दोघंतिघं किती खाणार, असं ती म्हणाली, तर मिसेस पराता न ऐकल्यासारखं करून फाटकापाशी पोचल्यासुद्धा.

कप विसळून ती फोनकडे वळली तोच मोबाईल थरथरला. अबोलीचा मेसेज होता, इंग्रजी अक्षरांत मराठी, तिच्या नेहमीच्या धाटणीचा. सर्व्हेच्या मुलांनी आम्हाला टेकडीवर नेलं. यंत्रातून समुद्र दिसला, लाटासुद्धा वेगवेगळ्या दिसतात. बाबानं पण बघितलं, तो खूप वेळ बाजूलाच होईना. आणि खाली एकच ओळ: थंडी आहे, पण चालेल.

मृदुला ती ओळ वाचत उभी राहिली. मग मोबाईल पालथा ठेवला, दाराच्या मुठीवरचे टॉग्ज काढून धुवायच्या बादलीत टाकले, पुन्हा काहीतरी आठवून ते बादलीतून काढले आणि होते तिथेच अडकवून ठेवले.

शाळेचा नंबर तिला पाठ होता. बाईनं सकाळच्याच सुरात विचारलं: नाव, वर्ग, कारण, परत कधी येणार. बीप वाजला.

"अबोली परचुरे. इयर थर्टीन," मृदुला म्हणाली. "मी तिची आई. सकाळी मी ताप सांगितला होता, तो खरा नाही. तिला काही झालेलं नाही. ती डनेडिनला गेलीय. युनिव्हर्सिटी बघायला."

वाक्य बाहेर पडलं होतं. घर जागच्या जागी होतं, ओट्यावर फिजोआची पिशवी कलंडलेली होती आणि तिच्या वासानं स्वयंपाकघर भरून गेलं होतं. आता शेवटचा प्रश्न राहिला. सकाळी त्याचं उत्तर तिनं विचारसुद्धा न करता फेकलं होतं.

"मंगळवारी परत येईल," ती म्हणाली.

फोन ठेवायला हात खाली गेला आणि पुन्हा कानाशी आला. पलीकडे मशीन अजून ऐकत होतं.

"या खेपेला," मृदुला म्हणाली, आणि मग तिनं फोन ठेवला.